एक कॅमेरा, सहा टीव्ही: टी जोडत गेल्यावर चित्र का पडतं आणि काय करायचं

राम कृष्ण हरी.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकारांसमोर एक ॲनालॉग कॅमेरा आहे. त्याचं चित्र सहा टीव्हींवर हवंय: मंडपात पुढे दोन, मागे दोन आणि साधारण नव्वद मीटरवरच्या भोजनमंडपात दोन. तुम्ही कॅमेऱ्याच्या केबलला बीएनसीचे, म्हणजे फिरवून अडकवायच्या व्हिडिओ कनेक्टरचे, टी (एकाचे दोन फाटे करणारे जोड) लावत गेलात. एका टीव्हीवर चित्र झकास होतं. दुसरा जोडल्यावर थोडं मंद झालं, चौथ्याला काळपट. सहावा जोडला तेव्हा सगळेच पडले, भोजनमंडपातल्या टीव्हीचा रंग गेला आणि त्यावर एक आडवा पट्टा हळूहळू वर सरकायला लागला. दुकानदार म्हणाला बूस्टर लावा. केबलवाल्याने त्याच्याकडचा एकाचे आठ करणारा स्प्लिटर दिला, त्यावर तर चित्रच आलं नाही. आता तुम्ही विचारताय, किती ताकदीचा स्प्लिटर घेऊ?

इथे दुखणी दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी दिसल्यामुळे गोंधळ झालाय. चित्र मंद होणं, काळवंडणं आणि रंग जाणं हे एक. सरकणारा आडवा पट्टा हे वेगळंच. पहिल्याच्या औषधाने दुसरं बरं होत नाही. ताकदीचा स्प्लिटर आणला तर चित्र उजळेल, पण त्या उजळ चित्रावर पट्टा आणखी ठळक दिसेल. म्हणून दोन्ही वेगवेगळे घेतो.

आधी पहिलं. कॅमेऱ्यातून निघणारा साधा कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला जातो तो, शिखरापासून तळापर्यंत एक व्होल्टचा असतो. त्यातले ०.७ व्होल्ट काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं चित्र, आणि काळ्याच्याही खालचे ०.३ व्होल्ट म्हणजे सिंक, ज्याच्या आधारावर टीव्ही प्रत्येक ओळ कुठे सुरू करायची ते ठरवतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ६२५ ओळींची २५ चित्रं सेकंदाला, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. हा एक व्होल्ट मोजला जातो तो ७५ ओहमचा एकच भार लावल्यावर. कॅमेऱ्याच्या आत मुळात दोन व्होल्ट असतात आणि ते ७५ ओहमच्या रेझिस्टरमधून बाहेर येतात. टीव्हीच्या आतही ७५ ओहम असतो. दोन सारख्या रेझिस्टरमध्ये दोन व्होल्ट निम्मे वाटले गेले की टीव्हीला बरोबर एक व्होल्ट मिळतो.

आता टी लावून दुसरा टीव्ही जोडा. दोन टीव्हींचे मिळून ७५ चे साडेसदतीस ओहम झाले. कॅमेऱ्यातला ७५ तसाच आहे. हिशेब केला तर दोघांना ०.६७ व्होल्ट मिळतात. तीन टीव्ही जोडले की ०.५, चार जोडले की ०.४ आणि सहा जोडले की जेमतेम ०.२९ व्होल्ट. सिंक ०.३ वरून ०.०९ च्याही खाली जातं. टीव्हीत आपोआप चित्र वाढवून घेणारी सोय असते, म्हणून दोन-तीन टीव्हींपर्यंत ती सांभाळून घेते आणि आपल्याला वाटतं जमतंय. तिची हद्द संपली की चित्र काळवंडतं. रंगाची खूण ठरावीक पातळीखाली गेली की टीव्ही स्वतःहून रंग बंद करतो आणि शेवटी सिंकही सापडेनासं होतं. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही अशा वेळी चित्र गडगडत का होईना दाखवत राहायचा. आत्ताचा एलईडी सरळ निळा पडदा टाकतो आणि 'नो सिग्नल' लिहितो, म्हणून लोकांना वाटतं केबल तुटली.

तुमच्या वर्णनाशी हे आकडे अगदी जुळतात. म्हणजे तुमचा कॅमेराही चांगला आहे आणि टीव्हीही. एका आउटपुटवर सहा भार बसलेत, एवढंच झालंय.

इथे बहुतेकांचा एक प्रश्न असतो आणि तो रास्त आहे: आवाजाची वायर तर अशीच वाटतो, मग ती का पडत नाही? कारण आवाजाचं गणित निराळं आहे. आवाज देणाऱ्या यंत्राचा आतला रोध कमी असतो आणि घेणाऱ्याचा फार मोठा, साधारण दहा हजार ओहम किंवा अधिक. असे सहा जोडले तरी देणाऱ्याला जाणवत नाही. मग व्हिडिओतही टीव्हीच्या आत दहा हजार ओहम का नाही ठेवला? कारण व्हिडिओ केबलमध्ये लाटेसारखा वागतो. बैलाच्या कासऱ्याचं एक टोक खांबाला बांधून दुसरं झटकलं तर लाट खांबापर्यंत जाऊन उलटी परत येते. केबलच्या टोकाला केबलच्याच मापाचा रोध, म्हणजे ७५ ओहम असला तरच लाट तिथे पूर्ण जिरते. नसला तर परत येते आणि चित्राच्या उजवीकडे फिकट सावली पडते. आम्ही तिला भूत म्हणतो.

सावली किती अंतरावर पडेल तेही काढता येतं. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या गोल केबलमध्ये, म्हणजे साध्या आरजी-५९ मध्ये, सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो. मधूनच टी काढून पन्नास मीटर केबल ओढली आणि तिचं टोक मोकळं सोडलं, तर जाऊन-येऊन शंभर मीटर होतात आणि त्याला अर्धा मायक्रोसेकंद लागतो. पडद्यावरची एक ओळ सुमारे ५२ मायक्रोसेकंदांची असते. बत्तीस इंची टीव्हीवर त्या अर्ध्या मायक्रोसेकंदाचे सुमारे सात मिलिमीटर होतात. कीर्तनकारांच्या फेट्याला सात मिलिमीटरवर दुसरा फिका फेटा दिसला, तर कुठे तरी अशी केबल लोंबकळत आहे असं समजायचं. आणखी एक गोष्ट मला बऱ्याच फेऱ्या मारल्यावर कळली: भूत ज्या टीव्हीवर दिसतं, दोष बहुधा त्याचा नसतो. मोकळ्या टोकापाशी लाट उलटते आणि त्रास वाटेतल्या दुसऱ्या टीव्हींना होतो. म्हणून भूत दिसलेल्या टीव्हीची वायर बदलत बसू नका, बाकीची टोकं तपासा.

टी वापरून बरोबर वाटणीची एक पद्धत पूर्वी होती आणि तुम्हाला टी सुचवणाऱ्याने बहुधा तीच पाहिलेली असणार. स्टुडिओतल्या आणि सीसीटीव्हीच्या जुन्या मॉनिटरांना मागे बीएनसीचं इन आणि आउट दोन्ही असायचं आणि शेजारी एक छोटा स्विच: एकीकडे ७५ ओहम, दुसरीकडे हाय-झेड, म्हणजे फार मोठा रोध. केबल पहिल्या मॉनिटरमध्ये जायची, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. मधल्या सगळ्यांचा स्विच हाय-झेडवर आणि फक्त शेवटच्याचा ७५ वर. भार एकच, त्यामुळे सगळ्यांना पूर्ण एक व्होल्ट. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मोठ्या लग्नात मी असे पाच मॉनिटर माळेत लावले होते. ऐन अक्षतांच्या आधी पाचही काळवंडले. सजावटीच्या पोरांनी मॉनिटर पुसताना सगळे स्विच ७५ वर ढकलले होते. तेव्हापासून मी स्विचवर चिकटपट्टी लावायला लागलो.

पण तुमच्याकडे एलईडी टीव्ही आहेत आणि त्यांना हा स्विच नसतो. ७५ ओहम आतच पक्का बसवलेला असतो. खात्री करायची असेल तर टीव्ही बंद करा, त्याची पिन भिंतीतून काढा आणि पिवळ्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर ओहमवर लावून मोजा. बहुतेक टीव्हींत ७५ च्या आसपास आकडा येतो. टीव्ही उघडून तो रेझिस्टर काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उघड्या टीव्हीत भरून राहिलेला करंट जीवावर बेततो, आणि नंतर तो टीव्ही एकटा लावला की चित्र पांढरंफटक दिसतं.

आता केबलवाल्याचा स्प्लिटर. तो चांगला असतो, पण दुसऱ्या कामाचा. त्याच्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्याच्या आत फेराइटवर गुंडाळलेल्या तारा असतात आणि त्या उंच फ्रिक्वेन्सीचं वाटप करतात. आपला कंपोझिट व्हिडिओ तर जवळजवळ शून्यापासून सुरू होऊन ५ मेगाहर्ट्झला संपतो. तो स्प्लिटर जिथून सुरू होतो तिथे आपला सिग्नल संपलेला असतो. चित्र न येणं अगदी बरोबर होतं. केबलच्या बूस्टरचंही तेच. दुकानदाराने बूस्टर म्हणून केबल टीव्हीचा अँप्लिफायर हातात ठेवला तर तोही चालणार नाही.

तुम्हाला हवंय ते व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर. धंद्यात त्याला डीए म्हणतात. सीसीटीव्हीच्या दुकानात मात्र 'एक इन आठ आउट बीएनसी व्हिडिओ स्प्लिटर' असं मागितलं की पटकन कळतं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. तालुक्याच्या सीसीटीव्हीवाल्याकडेही चौकशी करा, कारण साधे कंपोझिट कॅमेरे मागे पडल्यावर अशा पेट्या कित्येकांकडे पडून आहेत. ओळखायची खूण एकच: तिला वीज लागते. अडॅप्टरचं सॉकेट नसलेली पेटी म्हणजे आत नुसते रेझिस्टर किंवा नुसत्या जोडलेल्या तारा. रेझिस्टरची पेटी भूत टाळते, पण दोन वाटे केले तरी प्रत्येकाला अर्धाच व्होल्ट देते. सहांसाठी उपयोग नाही.

डीएच्या आत काय होतं ते समजून घेतलंत तर पुढे स्वतःच दोष शोधाल. कॅमेऱ्याची केबल आत येते तिथे एक ७५ ओहम असतो, म्हणजे कॅमेऱ्याला एकच टीव्ही जोडल्यासारखं वाटतं. मग सिग्नल दुप्पट होतो, दोन व्होल्ट. ते दोन व्होल्ट प्रत्येक आउटपुटला स्वतःच्या ७५ ओहममधून बाहेर पडतात. म्हणजे जणू आठ वेगवेगळे कॅमेरे. एका आउटपुटची केबल कोणी ओढून तोडली, उंदराने कुरतडली, अगदी शॉर्ट झाली तरी बाकीच्या सातांना धक्का लागत नाही. सप्ताहासारख्या गर्दीच्या ठिकाणी ही गोष्ट मला चित्राच्या उजेडापेक्षाही मोलाची वाटते. रिकामी आउटपुटं तशीच मोकळी सोडली तरी चालतं. वापरातल्या प्रत्येक आउटपुटावर मात्र एकच टीव्ही. डीए घेतल्यावर पुन्हा त्याच्या आउटपुटाला टी लावून दोन टीव्ही जोडणारे मी पाहिलेत. मग ते दोन टीव्ही परत ०.६७ व्होल्टवर येतात.

आता दुसरं दुखणं, आडवा पट्टा. यावर जरा वेळ देतो, कारण इथे लोक धोकादायक चुका करतात.

तो पट्टा ५० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या विजेचा. भोजनमंडपाची वीज बहुधा वेगळ्या मीटरवरून किंवा वेगळ्या फेजवरून येते आणि तिथलं अर्थिंगही वेगळं असतं. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच. व्हिडिओ केबलची बाहेरची जाळी ही दोन अर्थिंगं एकमेकांना जोडते आणि तिच्यातून ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागतो. तो चित्रात मिसळतो. पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड (प्रत्येक चित्राचे दोन अर्धे भाग) आणि विजेचे फेरेही ५०, म्हणून पट्टा जवळजवळ स्थिर दिसतो, नाहीतर तुमच्यासारखा हळूहळू सरकतो. खात्री करायची सोपी युक्ती: लाइट जाऊन जनरेटर सुरू झाला की बघा. डिझेल जनरेटर थोडा जास्त वेगाने, ५१-५२ हर्ट्झवर चालत असेल तर पट्टा लगेच भराभर पळायला लागतो. तसं झालं तर निदान पक्कं.

आणखी एक जागा हटकून तपासा: कॅमेरा. मंडपाच्या लोखंडी पाइपला कॅमेरा थेट कसलेला असेल आणि त्याची जाळी आतून बॉडीला जोडलेली असेल, तर कॅमेरा तिथेच जमिनीला टेकला. लायटिंगवाल्याची गळकी वायर त्याच सांगाड्यावर पडलेली असते. कॅमेऱ्याखाली प्लायवूडचा तुकडा किंवा रबर घालून, स्क्रू पाइपला लागणार नाहीत असे बसवून पाहा. निम्म्या वेळा पट्टा एवढ्यानेच जातो.

उरलाच तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी नळकांडी मिळते, दोन्ही टोकांना बीएनसी आणि आत ट्रान्सफॉर्मर. सिग्नल जातो, जाळीचा जोड तुटतो. ती टीव्हीच्या बाजूला, केबल जिथे दुसऱ्या अर्थिंगच्या हद्दीत शिरते तिथे लावायची. फार हलक्या प्रतीची घेतली तर चित्र वर-खाली असमान उजळ दिसतं, म्हणून घेताना दुकानातच एका कॅमेऱ्यावर लावून बघा.

आणि कळकळीने सांगतो: पट्टा घालवण्यासाठी अर्थिंगची पिन काढू नका, ना टीव्हीची, ना डीव्हीआरची, ना जनरेटरची. पट्टा जातो हे खरं आहे. पण मग कुठे तरी गळती झाली की तो करंट केबलच्या जाळीतून वाट काढतो आणि बीएनसीला हात लावणाऱ्या पोराला बसतो. ओल्या जमिनीवर अनवाणी वावरणारी माणसं, हातात भांडी, डोक्यावर लोखंडी सांगाडा, अशी तुमची जागा आहे. एका मंडपात मी असा झटका स्वतः खाल्लाय. कोणीतरी पट्ट्यासाठी पिन मोडली होती. मंडपाच्या मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर टीव्हीच्या खर्चाआधी ती बसवून घ्या.

या दोन्ही गोष्टी एकत्र धरून मी तुमच्या जागी केबल कशी ओढली असती ते सांगतो. डीए मंडपातच, ध्वनिक्षेपकवाल्याच्या टेबलाजवळ, सावलीत आणि हवेशीर. कॅमेरा ते डीए एक केबल. डीएपासून मंडपातल्या चार टीव्हींना चार स्वतंत्र केबली, आणि त्या चारही टीव्हींची वीज डीएच्याच बोर्डवरून. भोजनमंडपात दोन टीव्ही आहेत म्हणून दोन केबली ओढू नका. एकच केबल न्या, तिच्या टोकाला आयसोलेटर, त्यापुढे दुसरा छोटा एकाचे चार करणारा डीए, आणि त्यातून दोन टीव्ही. म्हणजे दोन अर्थिंगच्या हद्दी एकाच जागी ओलांडल्या जातात आणि एकाच आयसोलेटरवर काम भागतं. एका अर्थिंगवरच्या टीव्हींचा एक गट, आणि गटागटांत एकच दुवा. पुढच्या वर्षी भक्तनिवासात टीव्ही वाढवायचा झाला तरी हाच हिशेब. डीएमागे डीए असे दोन टप्पे चित्राला सहज चालतात, त्याच्या पुढे मी जात नाही.

केबलबद्दल. तुम्ही थ्री प्लस वन वापरलीय असं लिहिलंय. त्यातल्या तीन वायरी विजेच्या आणि एक व्हिडिओची. जवळच्या टीव्हींना चालेल. नव्वद मीटरच्या ओढीसाठी आधी बंडलाचं टोक सोलून मधल्या तारेला चुंबक लावून बघा. चिकटलं तर तार पोलादी आहे, वरून नुसता तांब्याचा मुलामा. डिशच्या बऱ्याच आरजी-६ केबली अशाच असतात आणि त्यांच्या कामाला त्या योग्यही आहेत, कारण उंच फ्रिक्वेन्सी तारेच्या वरच्या पातळ थरातूनच जाते. आपला व्हिडिओ खालच्या फ्रिक्वेन्सीचाही असतो, त्याला आतलं तांबं लागतं. म्हणून पूर्ण तांब्याची तार आणि तांब्याची दाट जाळी असलेली आरजी-५९ किंवा आरजी-६ घ्या. चांगल्या आरजी-५९ मध्ये ५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे अडीच डेसिबल घट होते. नव्वद मीटरवर रंग थोडा फिका पडेल, कारण पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे वरच्या टोकाला बसलेला असतो आणि केबल आधी तिथलं खाते. टीव्ही तेवढं भरून काढतो. डीएवर गेन (एकूण पातळी) आणि एचएफ (वरच्या फ्रिक्वेन्सी) असे दोन छोटे स्क्रू असतील तर एचएफ थोडा वाढवा. तुमच्या भोजनमंडपात सर्वांत आधी रंगच का गेला याचं उत्तरही यातच आहे.

सप्ताह सात दिवसांचा आणि केबल दरवर्षी नव्याने ओढायची असेल तर दुसरी सोयही विचारात घ्या: नेटवर्कची कॅट-५ई केबल आणि दोन्ही टोकांना व्हिडिओ बलून, म्हणजे बीएनसीचा व्हिडिओ त्या केबलच्या तारांच्या जोडीवर चढवणारा छोटा जोड. पिळाच्या जोडीवर विजेचा त्रास कमी होतो, केबल हलकी असते आणि गुंडाळून ठेवायला सोपी. शंभर-दीडशे मीटरपर्यंत साध्या बलूनवर मी समाधानकारक चित्र घेतलंय. पण बलूनही एकास एकच असतो. एका जोडीवर दोन बलून लावले की परत टीचीच गोष्ट.

टीव्ही सहाचे पंधरा-वीस होणार असतील तर मात्र माझं उत्तर बदलतं. तेव्हा डीए सोडून मॉड्युलेटर घ्यावा. तो चित्र आणि आवाज एका टीव्ही चॅनेलवर चढवतो, आणि मग केबलवाल्याचा तो स्प्लिटर, टॅप, बूस्टर सगळं योग्य जागी येतं, कारण आता सिग्नल त्यांच्या फ्रिक्वेन्सीत आलेला असतो. टीव्हीवर ॲनालॉग चॅनेल शोधून साठवायचं, एवढंच. चॅनेल निवडताना खालचं निवडा. १७५ मेगाहर्ट्झच्या आसपासचं चॅनेल आरजी-६ मध्ये शंभर मीटरला नऊ-दहा डेसिबल गमावतं, ४७१ च्या आसपासचं चौदा-पंधरा. टीव्हीपाशी ६० ते ८० डीबी मायक्रोव्होल्ट सिग्नल पोचला की चित्र स्वच्छ येतं, आणि ते मोजायचं मीटर तुमच्या केबलवाल्याकडे असतंच. मुंबईत २०१२ च्या अखेरीला आणि पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने राज्यभर केबल डिजिटल झाली, तेव्हा निघालेले चांगले मॉड्युलेटर अजून जुन्या सामानात सापडतात. तुमच्या सहा टीव्हींसाठी मात्र हा खटाटोप नको. मॉड्युलेटरमधून चित्राची धार थोडी बोथट होतेच.

एचडीएमआयचं काय, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. ते तुमच्या टीव्हींवर अवलंबून आहे. अलीकडच्या काही टीव्हींना पिवळं सॉकेट राहिलेलंच नाही. सहांपैकी एखादाच तसा असेल तर त्याच्यापाशी एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर लावा आणि बाकी सगळं असंच ठेवा. काही टीव्हींना पिवळ्या सॉकेटऐवजी हेडफोनसारखं छोटं भोक असतं आणि त्यासोबत येणारी लीड लागते. त्या लीडमध्ये कंपनीगणिक तारांचा क्रम बदलतो. बाजारातली दुसरी लीड लावून चित्र आलं नाही तर पिवळ्याऐवजी लाल, पांढरी पिन जोडून पाहा, चित्र बहुधा तिच्यावर सापडतं. सगळेच टीव्ही बदलायचा विचार असेल आणि कॅमेराही नवा घेणार असाल, तर ॲनालॉगवर आता पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनेच टीव्ही वापरायचे असतील तर डीए हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा रस्ता.

फक्त कॅमेरा बदलणार असाल तर एक सावधगिरी. आजकाल सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारा बीएनसीचा कॅमेरा बहुधा एएचडी, टीव्हीआय किंवा सीव्हीआय, म्हणजे त्याच केबलवरून एचडी चित्र पाठवणारा असतो. केबल तीच, कनेक्टर तोच, पण टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला ती भाषा कळत नाही, आणि जुन्या कंपोझिटच्या डीएमधून तिची फ्रिक्वेन्सीही नीट जात नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या केबलवर एक छोटं बटण किंवा आतल्या बाजूला स्विच असतो, त्याने तो सीव्हीबीएसवर, म्हणजे साध्या कंपोझिटवर, आणता येतो. विकत घेतानाच विचारा, सीव्हीबीएस देतो का.

आवाज टीव्हींमधून देऊ नका. मंडपात भोंगे आणि कॉलम आहेतच, आणि प्रत्येक एलईडी चित्र दाखवायला आपापला थोडा वेळ घेतो, त्यामुळे टीव्हीचा आवाज आणि भोंग्याचा आवाज एकमेकांवर आदळतात. मृदंगाच्या ठेक्यात हे फार खटकतं. भोजनमंडपात आवाज हवाच असेल तर ध्वनिक्षेपकवाल्याकडून वेगळी लाइन घ्या.

सामान आणल्यावर एकदम सगळं जोडू नका. आधी कॅमेरा आणि एकच टीव्ही, मध्ये एकही टी नको. इथेच चित्रात रेघा असतील, विशेषतः रात्री कॅमेऱ्याचे लाल दिवे लागल्यावर, तर कॅमेऱ्यापाशी १२ व्होल्ट पोचत नाहीयेत. आधी तेवढं दुरुस्त करा. मग डीए मध्ये घाला आणि तोच टीव्ही प्रत्येक आउटपुटवर लावून पाहा. मग मंडपातले चार. शेवटी भोजनमंडप, पहिल्यांदा आयसोलेटर न लावता. पट्टा दिसला तर लावा, नसेल तर तो तुकडा सुटा म्हणून जपून ठेवा. ही सगळी चाचणी संध्याकाळी, लायटिंग आणि पंखे पूर्ण सुरू असताना करा. दुपारी रिकाम्या मंडपात स्वच्छ दिसणारं चित्र रात्री हरिपाठाच्या वेळी बिघडतं ते याच कारणाने.

बीएनसी शक्यतो क्रिंप केलेले, म्हणजे पकडीने दाबून बसवलेले, वापरा. पिळून बसवायचे बीएनसी गर्दीत केबलला पाय लागला की सैल होतात. उघड्यावरचे जोड जमिनीपासून वर, प्लास्टिकच्या डबीत. आणि तुमचा सप्ताह चैत्र-वैशाखात असेल तर वळवाचा भरवसा नाही. ढग गडगडायला लागण्याआधीच भोजनमंडपाकडे जाणारी ती एक केबल डीएपासून काढून बाजूला ठेवा आणि तिकडच्या टीव्हींच्या पिनाही भिंतीतून काढा. नव्वद मीटरची उघड्यावरून गेलेली केबल जवळपास वीज पडली तर मोठा झटका ओढून घेते. ती जोडलेली राहिली तर दोन्ही डीए, कॅमेरा आणि टीव्ही एकाच वेळी जातात.